तीन कुपनं

नार्वाच्या बसस्थानकामागे, पेट्रोलपंपावरच्या कॉफीच्या यंत्राशी
तिसरा आठवडा उभी आहे मी.
उणे सात. नदीपल्याड दुसरा देश,
त्यांच्या किल्ल्यावरचे दिवे आमच्या पाण्यात.
खिशात पुठ्ठ्याची कुपनं, प्रत्येकावर आकडा,
नाव कुठेच नाही.

अर्जात आम्ही लिहिलं होतं,
'पोचायला अवघड असे नशा करणारे तरुण, वय सोळा ते चोवीस.'
तार्तूच्या बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या.
बिस्किटं चांगली होती.

पद्धत तशी सोपी.
पहिल्याला आम्ही 'बी' म्हणतो.
बी मुलाखत देतं, बोटातून रक्ताचा थेंब देतं,
दहा युरोचं दुकानात चालणारं कार्ड घेतं
आणि तीन कुपनं, आपल्यासारख्या तिघांना द्यायला.
ते तिघे पुढच्या नऊंना.
कागदावर झाड भराभर वाढतं.

जमिनीत पहिली चार बियाणं कुजली.
एकानं कुपनं विकली.
एकीची तिच्या आईच्या हाती लागली;
आईनं मला फोन केला,
बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत राहिला.
एकाला पोलिसांनी उचललं.
चौथ्याचं काही कळलं नाही.

मग झ्लाता आली. एकोणीस वर्षांची,
पायातले लोकरी मोजे हातांत चढवलेली.
"तूच ना ती, रक्त विकत घेणारी?"
माझी रशियन शाळेत शिकलेली; तिच्यात शिव्या नाहीत,
त्यामुळे विनोदही नाहीत.
मी संमतिपत्रक वाचायला घेतलं.
तिसऱ्याच ओळीला ती फिस्सकन हसली.
"अवघड? मी?
नववीपासून रोज याच बाकावर असते.
तुमचं ऑफिस चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद,
खाली पोलीसचौकी, चारच्या ठोक्याला कुलूप.
पोचायला अवघड कोण गं?"

ते वाक्य मी टिपलं नाही.
त्याला रकाना नव्हता.

सांकेतिक क्रमांक असा बनतो :
आईच्या नावाची पहिली दोन अक्षरं, जन्माचा दिवस, बुटाचं माप.
आईपाशी ती अडली.
यंत्रातून कोणाची तरी कॉफी गळून संपेपर्यंत
गप्प राहिली.
"बोक्याचं चालेल?"
चालत नाही. मी म्हटलं, चालेल.
आमच्या तक्त्यात आता
एक मुलगी कुझ्या नावाच्या बोक्याची लेक आहे.

प्रश्न सतरावा. सगळं गणित याच्यावर उभं :
'नशा करणारी अशी किती माणसं तू नावानिशी ओळखतेस,
जी तुलाही ओळखतात,
आणि गेल्या तीस दिवसांत तुम्ही भेटलात?'

ती मोज्यातल्या मोज्यात बोटं मोजू लागली.
तिखोन. गिरणीमागच्या दोघी बहिणी. लंगडा आर्सेनी.
ओठ हलत होते, आवाज नव्हता.
"अकरा.
थांब."
एक बोट मिटलं. मग आणखी एक.
"नऊ.
तीस दिवस म्हणालीस ना? मग रोदिओन धरता येईल.
एकोणतिसावा दिवस आज.
मी त्याला भेटले. तो मला नाही भेटला.
याचं काय करता तुम्ही?"

मार्गदर्शिका अडतीस पानांची आहे.
मी दहा लिहिलं.

कार्डावर तिनं बोक्याचं खाणं घेतलं आणि एक बल्ब.
कुपनं पत्त्यांसारखी पिसत गेली.

दोन परत आली, दोघी बहिणींच्या हातून,
पाठोपाठच्या मंगळवारी.
झाडाला फांदी फुटली, तार्तूहून अभिनंदनाचा मेल आला.
बाक तेव्हापासून रिकामा.
मी विचारते. बहिणी खांदे उडवतात.

आज तिसरं आलं.
भिजून सुकलेलं, कडा पिंजलेल्या, पण आकडा वाचता येतो.
आणणारा मुलगा माझ्या खांद्याला लागतो.
बुटाचं माप मी आधी विचारलं, का कोण जाणे. अडतीस.
हातांत लोकरी मोजे, मी ओळखते ते.

"वय?"

तो माझ्या चेहऱ्यावर उत्तर शोधतो.

"किती हवंय?"